हिचा चष्मा आणि माझे अक्षांश-रेखांश

रविवार, ५ मे

आजपासून रोजनिशी. ग्रुपवर सगळं लिहिता येत नाही, तिथे घार बसलेली असते. 'घार' म्हणजे आमच्या ग्रुपची ॲडमिन. एरवी हॉस्पिटलात नर्स आहे. मी काही लिहिलं की खाली हसरा चेहरा टाकते. माणसाला थोडी प्रायव्हसी हवी.

छंदाचं नाव जिओकॅशिंग. पुढे कधी मीच वाचताना गोंधळू नये म्हणून लिहून ठेवतो. कुणीतरी एक डबा लपवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो. बाकीच्यांनी तो मोबाईल घेऊन हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची, डबा जसा होता तसा ठेवायचा आणि साइटवर नोंद करायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. सगळ्यात आधी ज्याला सापडेल त्याचा 'पहिला शोध'. त्याला ग्रुपमध्ये फार मान.

ग्रुपवर माझं नाव 'अचूक'. मी वजनकाटे तपासतो, दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले. मी सील मारलेला काटा खोटं बोलत नाही. तेव्हा नाव शोभतं.

खरं तर छंदाची कल्पना हिची. रविवारी तरी दोघं मिळून चालू, म्हणाली होती. चालतोच की. मी पुढे, ही मागे.

ही सध्या बहिणीकडे गेली आहे. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, सांधा नवा बसवला, त्यांची काळजी घ्यायला. बुधवारी येईल.

सोमवार, ६ मे

मेहुणीचा फोन. तिचं म्हणणं, मी माफी मागावी. कशाबद्दल, असं विचारलं तर फोनच ठेवला.

झालं एवढंच. शनिवारी सासूबाईंना डिस्चार्ज मिळाला. त्यांना गाडीत घालून मेहुणीकडे निघालो. वाटेत मोबाईल वाजला: कालव्याच्या पुलाखाली नवा डबा, अजून कुणाला सापडलेला नाही. पूल रस्त्यातच होता. म्हणजे जवळजवळ रस्त्यात. गाडी मी मुद्दाम सावलीत लावली. सावली नंतर सरकली, त्याला मी काय करणार? खिडक्या उघड्या होत्या. ही मागे बसून आईला फाइलने वारा घालत होती. मला जरा वेळ लागला हे मान्य, पण डबा विटेच्या आत होता, अस्सल काम होतं. परत आलो तो हात उंचावून. पहिला शोध! एकीनेही अभिनंदन केलं नाही. सासूबाई डोळे मिटून होत्या, त्यांचं समजू शकतो.

पहिला शोध एकदाच मिळतो. खुबा काय, आता कायमचा नवाच आहे.

बुधवार, ८ मे

आली नाही. बहुधा उद्या.

हिचा चष्मा फ्रिजवर राहिला आहे. मेसेज आला: चष्मा दुकानात आणून द्या, जुन्याने दिसत नाही. ही मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. (आमची ओळखही तिथलीच. मी काउंटरवरचा काटा तपासायला गेलो होतो. काटा बरोबर निघाला तेव्हा ही म्हणाली, मला माहीतच होतं.)

विचार केला. इतकी व्यवस्थित बाई चष्मा विसरेल? शक्य नाही. मुद्दाम ठेवला आहे. परत यायला निमित्त हवं ना! मी चष्मा नेऊन दिला तर तिचं निमित्तच जाईल. उत्तर पाठवलं: चष्मा घरी आहे, घर तुझंच आहे, केव्हाही ये.

बायकांच्या मनातलं ओळखायला लागतं.

रविवार, १२ मे

ग्रुपची भेट. 'दोघं' आले होते. रिटायर्ड नवरा-बायको, एकाच नावाने खेळतात. ती आकडे वाचते, तो वाकतो. सापडला की एकमेकांना टाळी देतात. या वयात जरा अतीच वाटतं.

प्रत्येकाने विचारलं, वहिनी कुठे? जणू मी एकटा आलो तर सभाच भरत नाही. घार सगळ्यांदेखत म्हणाली, वहिनींचे डोळे तुमच्यापेक्षा तेज, अर्धे डबे त्यांनीच काढलेत. मी शांतपणे समजावलं की हे टीमवर्क आहे. दिशा मी ठरवतो, ही फक्त बघते. मग नोंदीत 'आम्हाला सापडला' असं का नसतं, 'मला' का असतं, असं 'दोघं'पैकी तिने विचारलं. हिनेही मागे एकदा विचारलं होतं. तेव्हा सांगितलं होतं की अकाउंट एका नावाचं असतं, नियम आहे. 'दोघं' अपवाद आहेत.

दुपारी एकट्याने तीन डबे काढायला गेलो. एकही नाही. नियमाने 'सापडला नाही' अशी नोंद करायची असते, पण नसलेली वस्तू सापडणार कशी? तिन्ही मालकांना कळवलं की तुमचे डबे चोरीला गेले आहेत.

संध्याकाळी तिघांचे फोटो आले. डबे जागच्या जागी. हल्ली फोटोंचंही काही खरं नसतं.

उशिरा घरी. अंडी उकडायला ठेवून विसरलो. पातेलं गेलं.

मंगळवार, १४ मे

झोप नीट लागत नाही. उकाडा असेल.

ठराव:
रोज हिला एक मेसेज, पण लाचारीचा नाही.
भांडी त्या त्या दिवशी.
मेहुणीशी बोलताना आवाज चढवायचा नाही.

गुरुवार, १६ मे

भांडी उद्या.

मेहुणीचा फोन. हिने परवा काउंटरवर एका म्हाताऱ्या गृहस्थांना भलत्याच पॉवरच्या गोळ्या काढून दिल्या. शेजारच्या मुलीच्या लक्षात आलं म्हणून वाचले. ही घरी येऊन रडली. मेहुणी म्हणाली, दाजी, चष्मा द्या, बाकी काही मागत नाही ती. मी म्हटलं, त्या दुकानात उजेडच कमी आहे, मी मालकांशी बोलतो. यात आवाज कुठे चढला? तरी ती म्हणाली, ओरडू नका.

जेवण गेलं नाही. ही सहसा रडत नाही.

काहीतरी करायला हवं. साधं नव्हे, मोठं काहीतरी.

शुक्रवार, १७ मे. पहाटे

सुचलं!!

हिच्यासाठी डबा लपवायचा. खास. आत चष्मा. हिला फक्त आकडे पाठवायचे. ती येणार, शोधणार, सापडणार, उघडणार, आत आपलाच चष्मा! हसू आवरणार नाही. आणि मी झाडामागून पुढे येणार. पुढचं काय ते ठरवायची गरज नाही, आपोआप होईल.

आयुष्यात इतकी सुंदर कल्पना मला कधी सुचली नव्हती.

शनिवार, १८ मे

तयारी. हवाबंद डबा, त्याला हिरवा रंग. चष्मा मऊ फडक्यात गुंडाळला. काचा पुसल्या. बराच वेळ पुसत बसलो.

जागा: पंपहाऊसमागची बाग, तिसऱ्या बाकाच्या मागची जाळी. आकडे नव्या जीपीएसवर घेतले. मोबाईलवर आता विश्वास नाही.

डबा साइटवर यायला ॲडमिनची मंजुरी लागते, आत काय आणि कुणासाठी हेही कळवावं लागतं. घारने लगेच फोन केला. म्हणाली, अहो, त्यांना चष्मा कामाला लागतो ना? दुकान तुमच्या रस्त्यावर आहे. नेऊन द्या आणि सॉरी म्हणा, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, तुला कळायचं नाही, लग्न कर मग बोलू. तिचं लग्न झालेलं आहे म्हणे. दोन मुलं आहेत. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मंजुरी दिली. हसरा चेहरा टाकला नाही.

रविवार, १९ मे

सकाळी आकडे हिला पाठवले. खाली लिहिलं: शोध म्हणजे सापडेल. मला वाटतं, वाक्य चांगलं झालं. दोन निळ्या खुणा आल्या. वाचलं!

इस्त्रीचा शर्ट घालून झाडामागे उभा राहिलो. ऊन बरंच होतं. बागेचा वॉचमन दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा विचारलं, काय पाहिजे? बायकोची वाट बघतोय, म्हटलं. झाडामागून का, म्हणाला. बाहेरच्यांना सांगायचं नसतं.

आली नाही. अंधार पडेपर्यंत नाही.

राग आला आहे. इतकं करूनही! मी आता काहीही करणार नाही. तिला किंमतच नाही.

सोमवार, २० मे

मेहुणीचा फोन. आवाज तिचाच चढलेला होता.

ही काल गेली होती. सासूबाईंना जेवू घालून, उन्हात, जुना चष्मा लावून, मोबाईल नाकाला चिकटवून आकडे वाचत. आकड्यांनी तिला बस डेपोच्या मागे नेलं, जिथे गाड्या धुतात तिथे. ती तिथल्या भिंतीचे कोनाडे हाताने चाचपत होती. तिकडून पाण्याचा फवारा आला, नखशिखांत भिजली. गार्डने विचारलं, बाई, काय हरवलंय? ही म्हणाली, चष्मा. सगळे हसले.

मी म्हटलं, आकडे नीट वाचले नसतील, चष्मा नव्हता ना. मेहुणी म्हणाली, तेच तर.

नंतर फक्त खात्रीसाठी तपासलं. जीपीएस आकडे मिनिट-सेकंदांत दाखवत होतं. साइटला आणि मोबाईलला मिनिटांपुढे दशांश लागतात. मी सेकंद उचलून दशांशाच्या जागी लिहिले. डबा बागेत आणि हिचे आकडे डेपोत. नवशिके करतात ती चूक. सुरुवातीच्या एका रविवारी माझ्याकडूनही झाली होती, तेव्हा हिनेच दाखवून दिली. मी म्हटलं होतं, सॅटेलाइट हलला.

म्हणजे आताही चूक यंत्राचीच आहे. सेटिंग कुणी बदललं कोण जाणे.

बुधवार, २२ मे

बरोबर आकडे हिला पाठवायचे आहेत. मेसेज टाइप केला: 'माझी चूक झाली.' पुसला. 'यंत्राची चूक झाली.' हाही पुसला. 'सुधारित आकडे खालीलप्रमाणे.' हा ऑफिसातला वाटला.

उद्या पाठवतो. उद्या गोदामातल्या मोठ्या काट्याचं काम आहे, त्यानंतर.

आज एका किराणा दुकानात काट्याला सील दोनदा उलटं मारलं. दुकानदार म्हणाला, बसा, पाणी घ्या. वहिनी बऱ्या आहेत ना? बऱ्या आहेत, म्हटलं.

शुक्रवार, २४ मे

मोठा काटा आजही झाला नाही. त्यामुळे मेसेजही राहिला.

घर फार शांत आहे. टीव्ही चालू ठेवतो.

शनिवार, २५ मे. सकाळ

आनंदीआनंद!!!

साइटवर नोंद! माझ्या डब्याचा पहिला शोध! हिने स्वतःचं अकाउंट उघडलं आहे. नाव घेतलंय 'स्वतःच्या डोळ्यांनी'. लांबलचक आहे, पण चालेल. नोंद जशीच्या तशी उतरवतो:

'दिलेले आकडे चूक. देणाऱ्याला ओळखते, म्हणून सापडला. घेतलं, ठेवलं.'

देणाऱ्याला ओळखते! यापेक्षा जास्त काय लिहायला हवं? सेकंद-दशांशाचा घोळ हिने बसल्या जागी सोडवला. माझी बायको आहे शेवटी. आता घारला म्हणावं, बघ! आणि अकाउंटही काढलं, म्हणजे छंद सोडलेला नाही. आता दोघांची दोन अकाउंटं. उद्याचा रविवार आखून ठेवतो. उद्या तिला पुढे चालू देईन.

भांडी घासली. सगळी. चादर बदलली. दूध जास्तीचं आणलं.

'घेतलं, ठेवलं' म्हणजे आमचा नियमच आहे. डब्यातून काही उचललं तर त्याच्या तोडीचं काहीतरी आत ठेवायचं. काय ठेवलं असेल? बागेत जाऊन बघतो.

शनिवार, २५ मे. दुपार

चष्मा नाही. म्हणजे नेला. छान झालं, सोमवारी कामाला होईल.

फडकं घडी करून ठेवलेलं. वर एक किल्ली. बाकी काही नाही. कागदावर सही, तारीख.

किल्ली कशाची असेल? दुकानाची असू शकते. मेहुणीच्या घराचीही असेल. म्हणजे तिकडे या, असं सुचवायचं असेल. कपाटाचीही असते अशी.

बाकावर बसून होतो. वॉचमन आला. फेरी मारून निघून गेला.

शनिवार, २५ मे. संध्याकाळ

साइटवर मालकाने नोंदीला उत्तर द्यायचं असतं. 'अभिनंदन' लिहिलं. पुसलं. 'माझी चूक झाली' लिहिलं आणि या वेळी पाठवून दिलं. निळ्या खुणा साइटवर येत नाहीत. वाचलं की नाही, कळायला मार्ग नाही.

घरी आलो. माझी किल्ली खिशातच ठेवली आणि डब्यातली लॅचला लावून बघितली. मनात म्हणत होतो, बसू नये. बसली, फिरली, दार उघडलं. दार ओढून घेतलं, पुन्हा लावली. पुन्हा उघडलं.

फार वाईट वाटतंय. इथे लिहायला हरकत नाही. आतून कुणी 'आलात का' म्हणालं नाही. दार लावून घेतलं आणि चपला न काढता तसाच उभा राहिलो.