आईच्या जबड्याचं माप

मंगळवार, सकाळ

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. प्लॅस्टरची धूळ, माझा खोकला आणि मी, तिघेही लॅबमध्ये जागच्या जागी. तुझ्या दवाखान्यातलं छपाईयंत्र काय म्हणतंय?

फोनच करणार होतो. पण तू "बोल दादा, पटकन" म्हणतेस, मागे कुणाच्या तरी तोंडात ड्रिल घरघरत असतं आणि मी हवापाणी विचारून फोन ठेवून देतो.

बावीस वर्षं तुझी गाइडं मी हातानं केली. पेशंटच्या जबड्याचं ओल्या लगद्यात उठवलेलं माप, त्यात प्लॅस्टर ओतून साचा, साच्यावर बेतून दातांवर बसणारी अॅक्रिलिकची पट्टी आणि इम्प्लांटचं ड्रिल जिथून, जितकं खोल जायचं तिथे नेमकं भोक. मग तू ती कांडी आणलीस. तोंडात फिरवली की जबडा संगणकात आणि गाइड छापून बाहेर. माझ्याकडे उरलं त्या भोकात धातूची नळी चिकटवणं. मला तेव्हाच संशय आला की हे काम नव्हे, पेन्शन आहे.

आईच्या दाढेच्या इम्प्लांटच्या वेळी तर खात्रीच पटली, की तुमचं दोघींचं काहीतरी शिजतंय. "माप कधी घेऊ?" विचारलं तर आई भिंतीकडे बघायला लागली.

"घेतलं की तिनं. कांडीनं. मळमळलंसुद्धा नाही."

म्हणजे बावीस वर्षं मी लोकांना मळमळवतच होतो!

मग मीही हट्टाला पेटलो. आईला लॅबमध्ये बसवून माझ्या पद्धतीनं माप घेतलं, साचा केला, माझं गाइडही केलं. शनिवारी तुझं गाइड नळीसाठी आलं, तसं ते त्या साच्यावर ठेवून बघितलं. डुगडुगलं. एका बाजूनं चांगलं दोन मिलिमीटर वर.

खोटं कशाला बोलू? आईची काळजी नंतर वाटली. आधी आनंद झाला.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. त्याऐवजी मी ते आतून घासत बसलो, साच्यावर चपखल बसेपर्यंत. नळी बसवली, डबी बंद केली. गुरुवारी तुझी सर्जरी झकास होणार आणि मग कधीतरी जेवताना मी हळूच सांगणार की ती झकास का झाली. भाषणसुद्धा तयार होतं.

काल आई आली. म्हटलं, माझं गाइड घालून तर बघ. घातलं. तेही डुगडुगलं! क्षणभर मला वाटलं, आईचाच जबडा चुकलाय.

"त्या दिवशी माप तसंच टेबलावर टाकून मला बसला सोडायला आलास," आई म्हणाली. "वाटेत तुझा दोस्त चष्मेवाला भेटला. तासभर दोघं धाकटीच्या यंत्राला नावं ठेवत होतात. माझ्या दोन बस गेल्या."

मापात प्लॅस्टर लगेच ओतायचं, नाहीतर ते माप सुकून आक्रसतं. हे मी गेली बावीस वर्षं प्रत्येक नवशिक्याला ओरडून सांगतोय.

तर आता ऐक. माझा साचा चुकीचा होता. तुझं गाइड बरोबर होतं, पण मी घासल्यावर ते बरोबर राहिलं नाही. ते तोंडात दोन मिलिमीटर खाली बसेल आणि ड्रिल तेवढंच जास्त खोल जाईल. तिथून नस किती जवळ आहे ते तूच मला स्कॅनमध्ये दाखवलं होतंस. आईचा खालचा ओठ जन्माचा बधिर झाला असता. तू बसवून बघितलं असतंस तरी कळलं नसतं. माझं घासणं सफाईदार असतं.

गुरुवार पुढे ढकल. नवं छाप. नळी बसवायला मी तिकडे येईन, तुझ्या डोळ्यांसमोर बसवीन. आईला मात्र तू काही सांगू नकोस. ते मला सांगू दे.

या पत्रासोबतच्या डबीत गाइडचे दोन तुकडे सापडतील. मीच करवतीनं कापलंय, हे पत्र लिहायला बसण्याआधी. तू ते चुकून वापरशील ही भीती नव्हती. हे पत्र मी आज उद्यावर ढकलीन, उद्या परवावर, आणि परवा गुरुवार आहे, असा मला माझाच संशय आला.

तुझा,
यापुढे नळीलाही विचारून हात लावणारा,
दादा