वाफेबाहेरच्या बायका

१२ फेब्रुवारी

मी आत गेले आणि शरच्चंद्र सरांनी स्क्रीन बंद केली. का?

भैरवगढच्या कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचा अभ्यास संपला. एक जनुक, रंगाची वाफ आणि माणसाचा दम, म्हणजे फुप्फुसांची ताकद. पुरुषांत जनुक आणि वाफ एकत्र आली तरच दम घटतो. बायकांत वाफ नसतानाही! "बायकांना जनुक एकटंच पुरतं," सर म्हणाले. हिंदी सारांश मी लिहायचा. सही माझी.

१४ फेब्रुवारी

आल्हाद आकडे बघतो. फ्रीगंजला चहा घेतला.

"ताई, पुरुष चारशे, बायका एकसष्ट. हे जनुक असलेल्या एकोणीस. त्यांतल्या वाफेत काम करणाऱ्या फक्त तीन! तीन मतांवर सरकार बनवायचं?"

मी विचारलं, सरांना सांगितलंस?

"नौकरी प्यारी है, ताई."

हसला. हाही सरांना सामील असेल.

१५ फेब्रुवारी

रंगाऱ्यांच्या संस्थेचे अध्यक्ष आले होते. बायकांनी मास्क आणि पंखे मागितलेत. अहवाल बघून ठरवणार होते.

"खून में ही खोट है, तो पंखे किसलिए?"

सरांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. आधीच ठरलेलं दिसतंय.

१७ फेब्रुवारी

एकटीच भैरवगढला गेले. कुणाला सांगितलं नाही.

हमीदाबी त्या एकोणीस जणींच्या यादीत आहे. नावापुढे: वाफेशी संबंध नाही. ती मागच्या अंगणात कढईवर वाकून कापड उकळत होती! हात कोपरापर्यंत निळे.

"मुझसे किसने पूछा, दीदी? कैंप में तो बस खून लिया, फूँक मरवाई; फॉर्म के टाइम मैं यहीं थी. दरवाज़े पे हमारे उनसे पूछ लिया होगा."

खोकली, मग हसली.

म्हणजे वाफेतल्या बायका आम्ही वाफेबाहेर मोजल्या. दोष वाफेचा, नाव जनुकाचं. कुणीतरी 'हो'चं 'नाही' केलंय. सरच. त्यांना नवा निष्कर्ष हवा होता.

१८ फेब्रुवारी

मूळ फॉर्मच्या कपाटाची चावी मागितली.

"आत्ता कशाला?"

एवढंच विचारलं. मग दिली. फार सहज दिली.

१९ फेब्रुवारी

खाडाखोड कुठेच नाही. बायकांचे बहुतेक फॉर्म माझ्या अक्षरात. दोन वर्षांपूर्वीचा मे, दारातला नवरा— "ये तो घर पे रहती है"— आणि 'नाही'वर खूण करून मी पुढच्या घराकडे.

सरांनी विचारलं, काही सापडलं? म्हटलं, सगळं बरोबर आहे. सारांशावर सही करून दिली.