कबरीत उतरवणारा दुसरा माणूस

बिस्मिल्लाह. मी हफिजा इस्माईल सारंग, मूळची मुरूडची, सध्या कुवेतात अबू हलीफाला लेकाच्या फ्लॅटमध्ये. चौथी शिकलेली, डोळे अधू, डोकं ठिकाणावर, जीभ शाबूत. हे माझ्या हातानं लिहिते. मागाहून कोणी म्हातारीला चळ लागला होता म्हणू नये.

१. मुरूडचं घर, नारळाची वाडी आणि बांगड्या यांचे तीनातले दोन हिस्से शरियतनं माझा एकुलता मुलगा यूनुस याचे. तिथं माझं काही चालत नाही. तिसऱ्या हिश्श्यावर चालतं. तो नात रिदाला द्यावा, तिनं जिब्रानशी निकाह केला तरी, न केला तरी.

२. मासे कापायची विळी शेजारच्या नर्स प्रभाला. ती सुरमईला कात्री लावते, बघवत नाही.

३. जिब्रान मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत फिटर. आमच्या मुरूडकडचाच सिद्दी, हबशी वंशाचा. यूनुस म्हणतो, "अम्मी, पोरगा गुणी आहे, पण रंग बघ. लोक काय म्हणतील?" अरे, भिंतीवर जंजिऱ्याचा फोटो टांगतोस, येईल त्याला ऐकवतोस, "आमचा किल्ला, कोणाला घेता आला नाही." राखला कोणी? सिद्द्यांनी. त्यांचा मुलगा दारात आला तर चहा विचारला नाहीस.

४. हे कलम कोणाला काही देत नाही, तरी खोडू नये. पहिली बांग देणारे हजरत बिलाल हबशी, गुलाम होते. छातीवर धोंडा ठेवला तरी अल्ला एकच म्हणत राहिले. लहानपणी हे पाठ केलं, कळलं नाही. मंडेला तुरुंगातून चालत बाहेर आले ते टीव्हीवर पाहिलं. गॅसवर बांगडे करपले, मी जागची हलले नाही. आणि परवा जिब्राननं मलिक अंबर सांगितला. हबशाचा पोर, बाजारोबाजार विकलेला. दख्खनला येऊन त्यानं निजामशाही सांभाळली, मोगल बादशहाला बेजार केलं, खडकी शहर वसवलं, जमिनीखालून नहर आणून त्याला पाणी पाजलं. ज्याला विकलं त्यानं शहर वसवावं! नमाजात तेच डोळ्यांपुढे येतं आणि, अल्ला माफ करो, रकातींची मोजणी चुकते.

५. मला इथंच दफन करा. मेल्यावर विमानात सामान म्हणून जायचं नाही. बाईला कबरीत महरम पुरुषानं उतरवावं, म्हणजे ज्याच्याशी तिचं लग्न होऊच शकत नाही अशा जवळच्यानं. माझा इथं एकटा यूनुस, त्यात कमरेचं ऑपरेशन झालेलं, पाडेल मला. रिदाचा निकाह झाला की तिचा नवरा माझा महरम. बाप म्हणून रिदाचा वली तू आहेस, यूनुस. निकाह लावून द्यायचा तुलाच. मी किती थांबेन ते डॉक्टरला विचार.

हफिजा सारंग (सही)

साक्षीदारांची नोंद: हफिजाआजींनी हे आम्हांसमोर मोठ्यानं वाचून सही केली. यूनुसभाई दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "अम्मी, जुम्म्याला त्याला जेवायला बोलावतो."
"जेवू दे. काझीलाही बोलाव," आजी म्हणाल्या. "आणि प्रभा, हा काय बोलला ते खाली लिही. उद्या फिरेल."
यूनुसभाई म्हणाले, "लिहा."

१. प्रभा विश्वास पेडणेकर (सही)
२. विश्वास पेडणेकर (सही)

अबू हलीफा, कुवेत
मंगळवार, १४ जानेवारी २०२५