चाळीस अंशांचं कुंड

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार. सकाळी ७.४०.

तरणतलावाच्या बाहेर बाकावर कॉफी पीत लिहितोय. केस ओले, बोटं सुरकुतलेली — अक्षर वाकडं येतंय. घरी गेल्यावर नीट उतरवून काढावं लागेल.

गरम पाण्याच्या कुंडात आज पुन्हा तोच विषय — गाडीवाल्याचा खटला. थोरलाकुर जहाजावर तीस वर्षं आचारी होता. अजूनही असा बोलतो, की डेकवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं. म्हणाला, “धडक बसली, मान्य! अंधार, बर्फ, कुणाचीही चूक होईल. पण माणूस बर्फात टाकून जायचं? दीड तास पडून होता तो! माझ्या हाती लागला ना तो पोरगा...”

“तर तू त्याला तुझं माशांचं सूप पाजशील,” हिल्डीगुन्नुर म्हणाली. “मग कोर्टाला कामच उरणार नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. तो पोरगा म्हणजे माझा भाऊ, आणि मी हसलो!

६ फेब्रुवारी, बुधवार.

इथे नवीन माणूस कुंडात उतरला की पहिला प्रश्न एकच — “कुणाचा तू?” मलाही विचारला होता, तीन वर्षांपूर्वी. मी म्हटलं, “आस्ताचा. पूर्वेकडच्या खाडीतला.” आईचं नाव सांगितलं, कारण मी तेच लावतो. माझा भाऊ ओर्री वडिलांचं लावतो. कागदावर आम्ही कुणी कुणाचे नाही. पेपरात तर त्याचं नावही नाही, नुसतं ‘तिशीतला पुरुष’.

या शहरात माझं म्हणावं असं दुसरं कुणी नाही. दिवसभर कारखान्यात थडग्याच्या दगडांवर नावं कोरतो. एक अक्षर चुकलं की दगड वाया. तिथे कुणी बोलत नाही. बोलणं काय ते सकाळच्या या चाळीस मिनिटांत.

१० फेब्रुवारी, रविवार.

ओर्रीचा फोन. “काय रे लहान्या, जेवतोस ना?” मग, “पोलिसांना सांगितलंस तेच कोर्टात सांग. दोन मिनिटांचं काम आहे.”

धडक अकराला बसली; पोलिसांना मी सांगितलं होतं — तो माझ्याकडे नऊच्या सुमारास आला आणि राहिला. ‘सुमारास’! मी आयुष्यात कधी ‘सुमारास’ लिहिलेलं नाही.

मागच्या वहीत १७ नोव्हेंबरची, धडकेच्या रात्रीची नोंद आहे. आज पुन्हा काढून वाचली. ‘रात्री ११.४०. ओर्री आला. बूट भिजलेले. जेवला नाही. बराच वेळ हात धूत होता.’ खाली माझी सही. सही कशाला करतो मी? कोण तपासणार असतं?

ते पान फाडता येईल. पण पानांवर आकडे घातलेत मीच.

११ फेब्रुवारी

पान फाडलं नाही.

४ मार्च, सोमवार.

आज मलईच्या बनांचा सोमवार, वर्षातून एकदा येणारा सण. थोरलाकुर डबा भरून घेऊन आला आणि कुंडाच्या काठावर बसून चार खाल्ले. मिशीला मलई. तलावाची बाई ओरडली तेव्हा तिलाही एक दिला.

मग हिल्डीगुन्नुरनं पेपरातली बातमी सांगितली — आरोपीच्या भावाची साक्ष आहे, पण सख्खा भाऊ म्हणून कायद्यानं त्याला गप्प राहता येतं. मी पाण्यात हनुवटीपर्यंत बुडालो.

“मी असते तर गप्प बसले असते,” ती म्हणाली. ती सुईण होती. अर्ध्या शहराला पहिली चापट तिनंच मारली आहे. “भाऊ काय दुकानात मिळतो?”

“आणि बर्फात पडलेल्या त्या एल्वारला पाय काय चार होते?” थोरलाकुर. “तीन ठिकाणी मोडला! गाडीतलं पेट्रोल संपलं म्हणून चालत निघालेला गरीब माणूस.”

“अरे, पण खरं बोलून त्या पोराचं काय होईल? भाऊ तोंड बघणार नाही. एकटा पडेल.”

थोरलाकुरनं मिशीवरची मलई पुसली. मग हळू आवाजात म्हणाला, “इथे येऊन बसेल. पाणी काय, सगळ्यांनाच गरम लागतं.”

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. उरलेला बन मात्र माझ्यासमोर सरकवला.

१७ मार्च, रविवार.

मी सहा वर्षांचा, ओर्री चौदाचा. आई मासळीच्या कारखान्यात. गावच्या तलावात त्यानं मला तरंगायला शिकवलं — मानेखाली हात धरून. “घाबरू नकोस, सोडत नाही.” वर पांढरं आकाश, कानात पाणी, त्याचा आवाज लांबून आल्यासारखा. हात कधी काढला कळलंच नाही.

आज पोहताना उताणा झालो आणि मान आपोआप तो हात शोधू लागली. सत्तावीस वर्षांचा घोडा मी!

तो मला हवाय. तेव्हाचा नाही, आत्ताचा — हात धूत उभा राहिलेला. तेव्हाच विचारायला हवं होतं, काय झालं? मी काय केलं? टॉवेल दिला आणि वेळ लिहिली. एल्वार तेव्हा बर्फातच होता. मी विचारलं असतं तर कदाचित...

२७ मार्च, बुधवार. दुपारी ३.१०.

कोर्टात ११.०५ ला उभा राहिलो. न्यायाधीशबाईंनी सांगितलं की मी उत्तर नाकारू शकतो. मी म्हटलं, ठाऊक आहे.

“तुमचे भाऊ किती वाजता आले?”

“अकरा चाळीस.”

“आधी तुम्ही नऊ सांगितलं होतं.”

“ते खोटं होतं.”

“इतकं नक्की कसं सांगता?”

“लिहून ठेवतो मी.” वही पिशवीतून काढली. ती दोनदा हातातून पडली.

ओर्री खाली बघत होता. वर न बघताच म्हणाला, “वेळ बरोबर आहे. त्याची कधी चुकत नाही.” त्याच्या वकिलानं दंड धरला त्याचा. त्यानं सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं.

जाताना माझ्याजवळून गेला. थांबला नाही.

२८ मार्च

कुंडात गेलो नाही.

२९ मार्च

गेलो नाही.

२४ एप्रिल, बुधवार.

निकाल लागला. ओर्रीला आठ महिने कैद. फोन केला, उचलला नाही. लिहिलेलं पत्र तीनदा तपासलं. एकही चूक नाही. तरी टाकलं नाही.

१ मे, बुधवार.

पत्र टाकलं. न तपासता.

१५ मे, बुधवार. सकाळी ७.०५.

आज गेलो. थोरलाकुर नुसता सरकला, जागा केली. “पाणी थंड होत चाललं होतं तुझ्याविना,” एवढंच.

मग हिल्डीगुन्नुर एका माणसाला हाताला धरून पायऱ्यांवरून उतरवत आली. कुबडी काठावर ठेवली. डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला सांगितलंय म्हणे. तीन ठिकाणी मोडलेल्या उजव्या पायावर गुडघ्यापासून खाली लांब, गुलाबी व्रण. तो माझ्या समोर बसला, डोळे मिटले, उघडले, आणि रीतीप्रमाणे विचारलं —

“कुणाचा तू?”

कुणी दचकलं नाही. थोरलाकुर पाण्याकडे बघत होता, ती माझ्याकडे. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं!

“ओर्रीचा,” मी म्हटलं. “धाकटा भाऊ.”