वॉलायची साफसफाई

१२ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या प्रमुख मार्गिटबाईंना शब्द दिला. तळ्याच्या बर्फाचं गणित करणारं नवं सॉफ्टवेअर बुधवारपर्यंत वॉलायवर चढवतो. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्या कॉम्प्युटरना माशांची नावं आहेत. वॉलाय सर्वांत थोरला, लिनक्सवर चालतो, आणि मी इथे आल्यापासून माझ्याच ताब्यात आहे.
शुक्रवारी सोल्वेगचा पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा. तिची सगळी आकडेमोड वॉलायवर. म्हणाली, तेवढं होईस्तोवर हात लावू नका ना. मी हसलो. लिनक्सला घाबरायचं नसतं, हे या पिढीला कोण शिकवणार?
संकल्प: सूचना आधी नीट वाचायच्या.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
सूचना वाचल्या नाहीत. फार लांबलचक होत्या.
नवं सॉफ्टवेअर म्हणतं, अमुक लायब्ररी आणा. ती म्हणते, आधी तमुक आणा. तमुकला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं नवं रूप हवं. आणलं. आता मशीनवर पायथन दोन झाली आणि भांडणं सुरू. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. जुनं काढून टाकायचं ठरवलं.

दुपारी
मशीन म्हणालं, हे काढलंत तर बरंच काही जाईल. तरी काढायचंच असेल तर एक अख्खं वाक्य टाइप करा: 'हो, मी सांगतो तसं कर!' वाक्य फार आवडलं. घरी किंवा ऑफिसात मला असं म्हणायची संधी कोणी देत नाही. उद्गारचिन्हासकट टाइप केलं.
पुसल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावांची रांग सुरू झाली. थांबेचना. वाय-फाय गेलं, स्क्रीनवरच्या खिडक्या गेल्या, स्क्रीनच काळा झाला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकते आहे.
मार्गिटबाईंनी दारातून विचारलं, कसं चाललंय? म्हटलं, जुनं काढायचं काम पूर्ण झालं. हे खोटं नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार
रात्रभर डोळा नाही. पण विचाराअंती हे बरंच झालं. आता पेनड्राइव्हवरून लिनक्स नव्याने घालतो. पाटी कोरी, सुरुवात स्वच्छ. मध्येच प्रश्न आला: डिस्क पूर्ण पुसू का? आकड्यांची डिस्क वेगळी आहे, हे मला पक्कं आठवत होतं. हो म्हटलं.

दुपारी
आकड्यांची डिस्क वेगळी नव्हती.
तीनदा पाहिलं. सोल्वेगची पाच वर्षं.

संध्याकाळी
व्हॅलेंटाइनचं जेवण. बायकोने, वर्नाने, विचारलं, हात का थरथरतायत? प्रेमाने, म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बिचारीने विश्वास ठेवला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
नवं सॉफ्टवेअर चढलं! एकही चूक नाही, सगळ्या चाचण्या पास. फक्त मोजायला आकडे नाहीत.
सोल्वेग कॉरिडॉरमध्ये हसली. मी बाथरूममध्ये शिरलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. दोष डिस्कवर घालावा? की वीज गेली म्हणावं? गाडी काढून सरळ तळ्यावर निघून जावंसं वाटलं, पण बर्फ किती जाड आहे ते सांगणारे आकडेही मीच पुसलेत.
भीती वाटते आहे. तिच्या आईवडिलांनी उद्यासाठी फार्गोहून केक आणलाय.
संकल्प: उद्या डिफेन्सआधी खरं सांगायचं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
सांगितलं. ती स्लाइड्स चाळत होती. एका दमात म्हटलं, "सोल्वेग, वॉलाय पुसला गेला. सगळा. माझ्या हातून."
"अरेरे," ती म्हणाली आणि पुढची स्लाइड काढली. "माझं काही नव्हतं त्यावर."
मला कळेना. ती जरा संकोचली.
"सोमवारी तुम्ही हसलात ना, त्याच संध्याकाळी सगळं हलवलं. बाकीच्यांनी तर केव्हाच हलवलंय. मार्गिटबाई पहिल्याच दिवशी सांगतात प्रत्येकाला."
"काय सांगतात?"
"की ऑरिन माणूस सोन्यासारखा आहे, पण वॉलायवर काही ठेवू नका."
म्हणजे कोणाचंच काही गेलं नाही! आनंदाने तिला मिठीच मारली. डिफेन्स उत्तम झाला. केकचे दोन तुकडे खाल्ले. दुसरा खाताना विचार आला, की मग त्या मशीनवर काम करणारं उरलं होतं कोण?
मी. तळ्यावर भोकं पाडून मी मोजलेला अकरा हिवाळ्यांचा बर्फ तिथे होता. तीन दिवस सोल्वेगच्या आकड्यांसाठी जीव खालीवर होत होता, पण पुसलेला बर्फ माझाच आहे हे लक्षातच आलं नाही.
अर्थात मी काही मूर्ख नाही. त्याची कॉपी काढून ठेवलेली होती. वॉलायवरच.