गप्प कोण आहे, मले माहीत आहे

६ जानेवारी, सोमवार. दुपार.
आजपासून वही. कारण एकच. शेजारच्या वच्छलेले मी शनिवारी माह्या मनातली गोष्ट सांगतली अन् रविवारी तिनं ती ग्रुपवर स्वतःच्या नावानं टाकली. आता तारीख घालून लिहीन. मंग पाहू कोण कोणाचं चोरते. चौथीपर्यंत शिकली आहे. अक्षर वच्छलेपेक्षा बरं आहे.

गोष्ट ‘देशमुखांकडचा फोन’ची. मोबाइलवर ऐकाची मालिका आहे, चित्र नाही, नुसता आवाज. सोमवारी अन् गुरुवारी अकरा वाजता. आज सहाशे अकरावा भाग झाला. गुरुवारच्या भागात शेवटी देशमुखांच्या घरी फोन वाजते. कोणी उचलला तरी तिकडून कोणी बोलत नाही. मागून नुसतं खट्, खट्, खट्. मंग थांबते. मंग फोन कट. सहा वर्षं हेच. ग्रुपवाल्यांनी त्या माणसाचं नाव ‘गप्प’ ठेवलं आहे. गप्प कोण, याच्यावर चारशे लोक रोज भांडतात. कामधंदे नाहीत.

वच्छला म्हणते, गप्प म्हणजे देशमुखाची दुसरी बायको. हे तिनं माह्यं चोरलेलं. तसंबी ते चुकीचंच होतं.
बाकी सगळे म्हणतात, गप्प म्हणजे देशमुखांची सुलभा. सुलभानं दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून घरच्यांनी तिले हाकललं होतं, सत्तराव्या भागात.
पोरगी नाहीच. लिहून ठेवते. पोरी फोन करून गप्प बसत नसतात.

९ जानेवारी, गुरुवार. साडेअकरा.
भाग ६१२. कान लावून ऐकला. सापडलं.
ती खटखट हातमागाची आहे. ग्रुपवाले कोणी रेल्वे म्हणते, कोणी घड्याळ. यांच्यापैकी कोणाच्या घरात माग होता? आम्ही कोष्टी. लग्न होऊन आली तेव्हा घरात दोन माग होते, मी वीस वर्षं धाग्याच्या कांड्या भरल्या. धोटा इकडून तिकडे गेला की खट्. धागा तुटला की थांबते. माणूस वाकते, गाठ मारते, पुन्हा सुरू. म्हणजे गप्प हा नारायण विणकर! ज्याच्या लुगड्यांचा करवती काठ देशमुखानं आपला म्हणून खपवला, अठ्ठ्याऐंशीव्या भागात. तो बोलत काहून नाही? काम करून राहिला म्हणून. माणूस कामात असला की बोलत नाही. सोपी गोष्ट आहे.

ग्रुपवर बोलून पाठवलं. चार मिनिटं. पयल्या खेपेले कुकरच्या शिट्ट्याच गेल्या. ग्रुप चालवणारा गौरांग पुण्याचा आहे. तो म्हणे, आजी, एवढी भक्कम थिअरी आजपर्यंत कोणी मांडली नाही.
वच्छला कुंपणावरून म्हणे, काहून वं भागीरथा, तुले पोरगी नको म्हणून तू कोष्टी आणला काय?
मी बोलली नाही. तांदूळ निवडून राहिली होती.

बारा वाजून दहा मिनिटं: मलेबी असा एक फोन येते. दर गुरुवारी, दिवाळीपासून. उचलला की कोणी बोलत नाही. कंपनीवाले असतात. आमची पोरगी दामिनी, ती नाही. अकरा वर्षांत तिनं एक फोन केला नाही, आता काहून करन? नंबर तोच आहे माहा. अभिजीत दोनदा म्हणे, आई, नवीन घेऊन देतो. मी म्हटलं, पाठ आहे, राहू दे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
सून म्हणे, आई, दामिनीताईचा नंबर देऊ काय? आज निमित्त आहे. प्रीती तशी बरी आहे, पण मधात मधात करते. तिच्याजवळ नंबर आला कुठून, ते विचारलं नाही. मी म्हटलं, माह्या फोनमदी जागा नाही. ती म्हणे, नंबरले किती जागा लागते आई? मी म्हटलं, तुमच्या फोटोंनी भरला आहे.
मंग तिनं कालनिर्णयावर लिहिला. पेनानं. खोडता येत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार.
भाग ६१६. गप्पाचा फोन आला, देशमुखाच्या बायकोनं उचलला. खट्, खट्. नारायणच.
बारा वाजून आठ मिनिटं: माहा फोन आला. कोणी बोललं नाही. मी आज ठेवला नाही, ऐकत बसली. अभ्यास म्हणून. मागून बारीक खट्, खट् येऊन राहिली होती.
दामिनी कामठीले राहते. कामठीत पावरलूम आहेत. पण पावरलूम असा थांबत नाही, तो एकसारखा धडधडते. तिचा नवरा प्रेमानंद शाळेत मास्तर आहे, घरी कशाचा लूम? म्हणजे ती नव्हतीच. आपल्याच पंख्याचा आवाज असन.
पंखा बंद होता. थंडी आहे.

३० जानेवारी, गुरुवार.
भाग ६१८. गप्प खोकलला. बाईचा खोकला. ग्रुपवर दिवाळी. सुलभा! सुलभा!
मी सांगतलं, नारायणले बायको असन ना? बायकाच कांड्या भरतात, कापसाचं बारीक उडते, खोकला होते. मले होता. गौरांग म्हणे, आजी, थिअरी थोडी वाकवून राहिल्या तुम्ही. मी म्हटलं, बांबूबी वाकवल्याशिवाय टोपली होत नाही. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. हरला.

२ फेब्रुवारी, रविवार.
प्रीती कालनिर्णयाचं पान उलटवाले आली. मी म्हटलं, राहू दे, जानेवारीच्या मागं खोकल्याचा काढा दिला आहे, वाचाचा आहे. ती म्हणे, मागचं वाचाले तं पान उलटवाच लागन ना आई. मी म्हटलं, वाचून झाला.
पान तसंच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
भाग ६२०. आज जुनी गोष्ट सांगतली. देशमुख मेला तेव्हा तेरवीले सुलभा आली होती. पायऱ्यांवर तासभर बसली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. सुलभा गेली.
ग्रुपवर सगळे आईवर तुटून पडले. दगड, कसाई, काय काय. प्रेमिला नावाची कोणी बाई उमरेडची, ती म्हणे अशा आईले पोरगी देऊच नये देवानं.
मले राग आला असं नाही. पण खरं ते सांगाले पाहिजे. मी बोलून पाठवलं: दीडशे लोकांचं जेवण होतं. वरणाचं गंज चुलीवर होतं. खाली लागलं असतं तं कोणी पाहिलं असतं? बाई माणसाले तेरवीच्या दिवशी बसाले वेळ असते काय?
लगेच वच्छलेचं आलं. ग्रुपवर, सगळ्यांसमोर. म्हणे, देशमुखांकडे तं आचारी होता ना वं. पत्रावळी बी आचाऱ्यानंच मांडल्या. दीडशे लोक अन् गंज कोणाच्या घरचं?
मी फोन बंद केला. चार्जिंग कमी होतं.

आमच्याकडे हे वारले त्याले चार वर्षं झाली. दामिनी आली होती. अभिजीत आत येऊन सांगून गेला, आई, बाहेर आहे ती. मी वरण ढवळत होती. एवढंच. त्याच्यात लिहिण्यासारखं काही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.
ठरवलं, मालिका बंद. कानाले त्रास होते. ग्रुपमधूनबी निघाली. वेळ वाचन. हरभरा सोलाचा आहे, गोधडी शिवाची आहे.
दुपारी दोन: हरभरा सोलताना हात मोकळे नसतात पण कान मोकळेच असतात. भाग ऐकला. ग्रुपमदी गौरांगनं परत घेतलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी एक.
भाग ६२४. सांगून टाकलं.
गप्प म्हणजे सुलभा. ती खटखट शिलाई मशीनची. कपडे शिवता शिवता फोन लावे, एक हात मशीनवर, म्हणून थांबे अन् सुरू होये. बोलत काहून नव्हती, तं म्हणे तोंड उघडत नव्हतं. सहा वर्षं! आईनं फोन उचलला अन् म्हणाली, बोल, मी ऐकून राहिली. मंग दोघी रडल्या. बराच वेळ. इकडे प्रीती रडली. फोनवर गौरांगबी रडला म्हणे.
मले काही झालं नाही. झुणका-भाकर खाल्ली, दीड भाकर.
लिहिणाऱ्यांनी ग्रुपच्या दबावानं गोष्ट बदलली आहे. नारायणच होता आधी. सिद्ध करता येते, पण कोण बसन.
वच्छला कुंपणावर आली. वाटलं, आता टोचन. तिनं नुसतं विचारलं, जेवली काय वं? हे जास्त लागलं.

आज माहा फोन आला नाही. गुरुवार असून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
रात्री एक गोष्ट ध्यानात आली. दामिनीनं नववीत शिवणाचा क्लास केला होता. मशीन मीच घेऊन दिली होती. लग्नात नेली नाही. लग्नात मी काही नेऊच दिलं नाही. पण प्रेमानंदानं घेऊन दिली असन.
म्हणजे तेवीस तारखेले ऐकली ती खटखट मागाची नव्हती. मशीनची होती. मी आयुष्यभर माग ऐकला म्हणून मले सगळीकडे माग दिसते. चूक कुठं झाली ते सापडलं.
दर गुरुवारी तीच करते. पोरी गप्प बसतात. बसू शकतात. लिहून ठेवते.

ठराव: येत्या गुरुवारी फोन आला की मी बोलाचं. ती नाही बोलली तरी चालन. पयले विचाराचं, जेवली काय. मंग अंजूचं. अंजू म्हणजे तिची पोरगी, नऊ वर्षांची. तिचं नाव मले माहीत नाही असं सगळे धरून चालतात. मंग तेरवीचं. वरणाचं नाव घ्याचं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
मालिका ऐकली नाही. अकरापासून खुर्चीवर. नवीन लुगडं नेसली. फोनवर दिसत नाही, माहीत आहे.
बारा वाजून बारा मिनिटांनी वाजला. उचलला. तिकडे गप्प. मागून खट्, खट्.
मी बोलली. ठरवलेलं काहीच आलं नाही. म्हटलं, दामिनी, ठेवू नको. वरण तं केव्हाच झालं होतं. मी रिकामंच ढवळत होती. तू पायरीवर बसली तेव्हा तुह्या चपलेचा आवाज आला होता मले, अन् उठली तेव्हाबी आला. तेवढा तासभर मी गंजात पळी फिरवत होती. लोक काय म्हणतील म्हणून नाही. लोक तं जेवत होते. मले बाहेर यायचं जमलं नाही. असं जमत नाही माणसाले कधी. तू सांग...

तेव्हा तिकडून एक पोरगी बोलली. हसून. नमस्कार, उमरेड रोडवर तुमच्या स्वप्नातला प्लॉट फक्त काही पावलांवर! माहितीसाठी एक दाबा.
मी एक दाबला. काहून दाबला माहीत नाही.
मंग एक माणूस आला लाइनवर. नाव विचारलं. सांगतलं. म्हणे, मॅडम, साइट पाहाले केव्हा येता? मी म्हटलं, सध्या जमत नाही.

लुगडं घडी करून ठेवलं. मळलं नव्हतं.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ.
प्रीती बाजारात, अभिजीत ड्युटीवर. भिंतीवर जानेवारीच आहे. चष्मा लावून एकेक आकडा दाबला. दोनदा चुकला. ठरवलं होतं की सरळ बोलाचं, मी आई बोलून राहिली म्हणाचं. चार शब्द. सकाळपासून म्हणून पाहत होती, येत होते.

तिनं उचलला. हॅलो म्हणाली. आवाज जाड झाला आहे. मागं पोट्टी पाढे म्हणून राहिली होती, तेराचा. मशीनबिशीन काही नाही.
दामिनी म्हणे, हॅलो, कोण?
माह्यं तोंड उघडलं होतं. हे खरं आहे, मी हात लावून पाहिलं.
ती म्हणे, कोण बोलून राहिलं? तिकडे पोट्टी म्हणाली, तेर सक अठ्ठ्याहत्तर, तेर साते ब्याण्णव. दामिनीनं पाढा ऐकलाच नाही, तिचं लक्ष फोनकडे होतं. मंग म्हणे, बोलाचं असन तं बोल बापा, नाही तं ठेव.
मी ठेवला.

तेर साते एक्याण्णव.