नेच्याच्या मुळाशी चुना

हॅगशॉ, लँकेशायर
रविवार, मे १८५७

प्रिय सायलस,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. दोनदा वाचलं, शेकोटीत टाकायला गेलो आणि पुन्हा खिशात घातलं. तुझी जहाजावरची जागा घालवणारं, प्राध्यापकांकडे गेलेलं ते निनावी पत्र म्हाताऱ्या जोसायानेच लिहिलं, अशी तुझी खात्री झाली आहे. पुढच्या रविवारी आपल्या वनस्पती मंडळाच्या बैठकीत तू सगळ्यांसमोर त्याला जाब विचारणार आणि अध्यक्षाच्या खुर्चीवरून खाली खेचल्याशिवाय परतणार नाहीस. तोवर मी त्याच्यावर नजर ठेवावी, असा तुझा हुकूम. ठेवली बाबा! दोन दिवसांत त्याच्या मोचीच्या दुकानावरून सहा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीला तो आतूनच ओरडला, "काय रे रूबेन, बूट झिजवून मलाच गिऱ्हाईक करून देतोयस होय?"

तुझा संशय अगदीच वाऱ्यावरचा नाही, हे मी कबूल करतो. पत्राचा कागद निळ्या रेघांचा, आपल्या मंडळाचा. तो दोनच ठिकाणी असतो, जोसायाच्या कपाटात आणि चिटणीस म्हणून माझ्या खणात. माझा खण तू हिशेबात धरलासुद्धा नाहीस. शिवाय तुला सापडलेल्या त्या दुर्मिळ नेच्याचं ठिकाण तू प्राध्यापकांना सांगितलंस तेव्हा जोसाया भर बैठकीत कडाडला होता, "साहेबलोकांना जागा दाखवलीस ना, आता बघ, टोपल्या भरभरून उपटून नेतील!" नेलेच कुणीतरी. निनावी पत्रानंतर प्राध्यापकांनी शोध घेतला तेव्हा तिथे एक रोप नव्हतं, आणि म्हणूनच नेचा तिथलाच होता हे दाखवायला आज तुझ्या हातात काही नाही. पण सायलस, जोसाया जे काही बोलायचं ते तोंडावर बोलतो. चाळीस वर्षांत त्याने कुणाच्या पाठीमागे शिवीसुद्धा दिल्याचं मला आठवत नाही.

तुला पहिल्यांदा बैठकीला नेलं ते मीच. तू नऊ वर्षांचा होतास, गिरणीत तुटलेले धागे जोडायचास आणि टोपीत शेवाळ भरून घरी आणायचास. आई म्हणायची, "यापेक्षा याच्या डोक्यात उवा झालेल्या परवडल्या." वनस्पतींचं ते जाडजूड पुस्तक मंडळाने वर्गणी काढून घेतलं होतं, आठवड्याला एका घरी जायचं. आपली पाळी आली की मी पानं उतरवून काढायचो आणि मागावर टाचून ठेवायचो. धोटा इकडून तिकडे जाताना तू लॅटिन नावं घोकायचास. मग रविवारी 'वूलपॅक' दारूखान्यातलं ते लांब टेबल. आणलेलं एकेक रोप डावीकडून हातोहात फिरायचं. ओळखलं त्याने नाव सांगायचं, नाही ओळखलं त्याने गुपचूप पुढे द्यायचं, आणि टेबल रिकामं होईपर्यंत बिअरला हात लावायचा नाही. बाराव्या वर्षी तू एक लव्हाळा ओळखलास, जो मी नुकताच गुपचूप पुढे दिला होता. सगळ्यांनी टेबल बडवलं. मीही बडवलं. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला आणि तुझा रागही आला. दोन्ही तितकंच खरं.

मग एकोणिसाव्या वर्षी तू तो नेचा आणलास. रेवन कड्याखाली सापडला म्हणालास. त्या कड्याखालून मी वीस वर्षं जात होतो! नेचा टेबलावर फिरला, एकालाही नाव सांगता येईना. माझ्या हातात आला तेव्हा मी पानं पाहिली नाहीत, मुळं पाहिली. मुळांना पांढरे चुनखडीचे कण चिकटले होते. आपला डोंगर काळ्या वाळूच्या दगडाचा, दहा मैलांत चुनखडीचा खडा नाही, आणि नाव सांगता आलं नाही तरी असले नेचे चुन्यावाचून जगत नाहीत हे मला माहीत होतं. शनिवारच्या बाजारात चुनखडीच्या मुलखातून, क्रेव्हनहून, नेचे विकायला येणारी ती बाई मला लगेच आठवली. तू माझ्याकडेच बघत होतास. मी रोप गुपचूप पुढे दिलं. जोसायाने चष्मा लावला, बराच वेळ उलटसुलट केलं आणि नाव सांगितलं. त्या एका नेच्यावर तुला प्राध्यापकांचं बोलावणं आलं. चार वर्षं तू त्यांच्याकडे वाळवलेली रोपं कागदांवर चिकटवलीस आणि या हिवाळ्यात दक्षिणेकडे जाणाऱ्या सर्वेक्षणाच्या जहाजावर तुझी निवड झाली. गावाने तुझ्या नावाने पेले उंचावले. मीही उंचावला, पण मनात तेच, विकतचा नेचा, विकतचा नेचा. हे मी कुणाजवळ बोललो नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसूनसुद्धा नाही.

जहाजावर तुझ्याऐवजी दुसराच गेल्याचं कळलं, तेव्हा मी कड्याखाली गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. चाकूने गवत खरवडलं, तर वीतभर खाली पांढरे दगड. वरच्या शेतावर हेस्टर लम्ब राहते, ऐंशीची आहे, तिला विचारलं. ती हसायलाच लागली. "अरे खुळ्या, तुझ्या आज्याच्या वेळी क्रेव्हनहून तट्टांवर चुनखडी यायची ना याच वाटेने! कड्यावरून दोन तट्टं गेली खाली, पोत्यांसकट. दगड कोण उचलणार? तट्टंच उचलली नाहीत कुणी." त्या दगडांबरोबरच नेचा आला असणार. तू खोटं बोलला नव्हतास, सायलस. एका अक्षरानेही नाही.

काल संध्याकाळी तुझं पत्र मी जोसायाला वाचून दाखवलं. तो बुटाचा तळ शिवत होता, हात थांबला नाही. म्हणाला, "त्याला वाटतंय ना मी लिहिलं? वाटू दे. माझे राहिलेत किती, दोन-चार हिवाळे. आई गेल्यावर तुम्हाला एकमेकांवाचून आहे कोण?" आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. जास्त वेळ नाही, दोरा तोडायला लागतो तेवढाच.

ते निनावी पत्र मी लिहिलं. जानेवारीत, माझ्याच खणातल्या कागदावर, डाव्या हाताने. बाजारातून विकत घेतलेल्या नेच्यावर नाव कमावणाऱ्याला जहाजावर पाठवू नका, असं लिहिलं. मी सत्याची बाजू घेतोय, अशी स्वतःची समजूत घातली. सत्य एवढंच होतं की, ज्या कड्याखालून मी वीस वर्षं ताठ मानेने गेलो, तिथे तू वाकून पाहिलंस. आज प्राध्यापकांना दुसरं पत्र टाकतोय, नावगाव घालून, सोबत कड्याखालचे दगड. जहाज काही मला परत आणता येणार नाही. तू क्षमा कर असंही म्हणत नाही, तेवढं तोंड मला राहिलेलं नाही. पण म्हाताऱ्याने माझं पाप अंगावर घ्यावं आणि तू ते त्याच्या माथी मारावंस, हे मला पाहवणार नाही. पुढच्या रविवारी जरूर ये. जाब विचार, चारचौघांत विचार. फक्त बोलताना जोसायाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

तुझाच थोरला भाऊ,
रूबेन